कर घटवले, तरी पंतप्रधान गेल्या : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात सरकारी कर्जाबद्दल लिहिताना मी ब्रिटनच्या सप्टेंबर २०२२ मधल्या ‘मिनी-बजेट’चा, म्हणजे पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने जाहीर केलेल्या मोठ्या करकपातीचा, दोन ओळींत उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रे आली की हा अख्खा स्तंभ त्यालाच देते आहे. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असे कळवले, म्हणून सगळ्यांचीच नावे गाळून फक्त गावे ठेवली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर पगारातून कर कापला गेला. कर कमी करणारे सरकार नोकरदारालाही आवडायला हवे आणि व्यापाऱ्यालाही. मग लिझ ट्रस यांनी कर घटवल्यावर बाजार इतका का घाबरला? (अंबाजोगाई)

सर, तुमची शंका रास्त आहे. कर कमी होणे बाजाराला एरवी आवडतेच.

काय घडले ते आधी सांगते. ट्रस ६ सप्टेंबर २०२२ रोजी पंतप्रधान झाल्या. २३ तारखेच्या शुक्रवारी त्यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी संसदेत करकपात जाहीर केली. दीड लाख पौंडांवरच्या उत्पन्नाचा ४५ टक्के दर रद्द, मूळ दर २० वरून १९, कंपनी कर १९ वरून २५ वर जाणार होता ती वाढ रद्द, राष्ट्रीय विम्याच्या हप्त्यातली वाढ मागे, घरखरेदीवरच्या मुद्रांक शुल्कात सूट. सगळे मिळून वर्षाला सुमारे ४५ अब्ज पौंडांचा महसूल सुटणार होता. शिवाय घरोघरची वीज-गॅसची बिले आवरण्याची योजना आधीच जाहीर झालेली होती. तिचा पहिल्या सहा महिन्यांचाच खर्च ६० अब्ज धरला होता. हा सगळा पैसा कर्ज काढून उभा करायचा होता. महागाई तेव्हा दहा टक्क्यांच्या घरात होती आणि बँक ऑफ इंग्लंडने आदल्याच दिवशी व्याजदर सव्वादोन टक्क्यांवर नेला होता.

एवढेही कदाचित पचले असते. पचले नाही ते पुढचे. ब्रिटनमध्ये २०१० पासून ‘ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी’ नावाची स्वतंत्र संस्था आहे. अर्थमंत्र्याने काहीही जाहीर केले की तूट किती वाढेल, कर्ज कुठवर जाईल, याचा हिशेब ही संस्था स्वतः मांडते. या वेळी तिने मसुदा तयार ठेवला होता आणि नव्या घोषणांसाठी तो सुधारून देण्याची तयारीही दाखवली होती. सरकारने तो घेतला नाही. अर्थखात्याचे सर्वात वरिष्ठ अधिकारी टॉम स्कॉलर यांना तर नव्या सरकारच्या पहिल्याच आठवड्यात घरी पाठवले होते. कर्ज मागायला बँकेत जायचे आणि पगाराची स्लिप दाखवायला नकार द्यायचा, असा हा प्रकार झाला. देणारा दोन टक्के जास्त मागणार, नाहीतर ‘नंतर या’ म्हणणार.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सगळ्यात जास्त ओरड झाली ती ४५ टक्क्यांचा दर रद्द करण्यावर. त्याचा खर्च वर्षाला दोन अब्जांच्या आसपास, म्हणजे एकूण कपातीत अगदी किरकोळ होता. त्यामुळे ‘श्रीमंतांना सूट दिली म्हणून बाजार कोसळला’ हे स्पष्टीकरण मला पटत नाही. लोकांचा संताप त्यावर होता. बाजाराला धास्ती होती ती हिशेबच न मांडण्याची.

मी तेव्हा एका बँकेच्या ट्रेझरीत होते. लंडनच्या सकाळी साडेनऊला, म्हणजे आपल्या दुपारी दोनला भाषण सुरू झाले, तेव्हा पौंड १.१२ डॉलरच्या आसपास होता. संध्याकाळपर्यंत तो १.०९ च्याही खाली आला. रविवारी क्वार्टेंग यांनी बीबीसीवर ‘अजून बरेच काही यायचे आहे’ असे सांगितले आणि सोमवारी पहाटे आशियातले बाजार उघडताच पौंड १.०३ पर्यंत घसरला. १९८५ चा नीचांकही मोडला. सकाळी डीलिंग रूममध्ये पाय ठेवला तेव्हा पडद्यावरचा तो भाव चुकीचा असावा म्हणून एका सहकाऱ्याने तीन ठिकाणी तपासून पाहिला. दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ब्रिटनला जाहीर कानपिचक्या दिल्या. प्रगत देशाला नाणेनिधी असे सहसा सुनावत नाही.

प्रश्न : ताई, माझा मुलगा लंडनजवळच्या स्लावला असतो. २०२० च्या शेवटी त्याने अडीच लाख पौंडांचे घरकर्ज घेतले, दोन वर्षांसाठी २ टक्के दर पक्का होता. मुदत संपली ती नेमकी २०२२ च्या शेवटी, आणि दर ६ टक्के लागला. तो म्हणतो ट्रसबाईंनी बुडवले. माझे दीर म्हणतात, जगभरच दर वाढत होते, उगाच कुणाला दोष देऊ नये. खरे कोण? (डोंबिवली)

ताई, दोघेही खरे आहेत, फक्त वाटणी करावी लागेल. ती मी करून पाहिली.

पंचवीस वर्षांच्या मुदतीने धरले तर २ टक्क्यांनी त्याचा हप्ता महिना साधारण १,०६० पौंड होता. दोन वर्षांत फेड होऊन मुद्दल उरले सुमारे २ लाख ३४ हजार. उरलेल्या तेवीस वर्षांसाठी ६ टक्के लावले की हप्ता होतो १,५६५ च्या आसपास. म्हणजे पाचशे पौंडांची वाढ. आता, मिनी-बजेटच्या दिवशी ब्रिटनमध्ये दोन वर्षांच्या पक्क्या दराची सरासरी ४.७४ टक्के होती. त्या दराने हप्ता १,४०० च्या किंचित खाली बसला असता. तेव्हा पाचशेतले सुमारे ३४० पौंड जगभरच्या महागाईच्या खात्यावर आणि उरलेले १७० च्या आसपास त्या चार आठवड्यांच्या खात्यावर. तुमच्या दीरांच्या बाजूला जास्त वजन आहे. पण महिन्याला १७० पौंड ही काही सोडून देण्यासारखी रक्कम नाही, आणि तुमच्या मुलासारखी ज्यांची मुदत नेमकी त्या दिवसांत संपत होती अशी असंख्य घरे होती.

त्या आठवड्यात दरापेक्षाही वाईट अनुभव होता तो कर्जच न मिळण्याचा. उद्या कोणत्या दराने पैसा उचलावा लागेल हेच बँकांना कळत नव्हते, म्हणून त्यांनी बाजारातल्या घरकर्ज योजनांपैकी सुमारे ४० टक्के काही दिवसांत मागे घेतल्या. सरासरी दर २० ऑक्टोबरला ६.६५ टक्क्यांवर गेला, मग उतरू लागला. मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात महागाई हटेना म्हणून तो पुन्हा त्याहून वर गेला. तेव्हा ट्रस पंतप्रधान नव्हत्या, हेही मुलाला सांगा.

आपल्याकडे असा धक्का वेगळ्या रूपात बसतो. इथली बहुतेक घरकर्जे बदलत्या दराची, आणि ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली रेपो दरासारख्या बाह्य दराशी बांधलेली. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा बँकांनी अनेकांचा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. दुखणे तेच, पण ते पासबुकात दिसत नाही. म्हणून वर्षातून एकदा बँकेतून उरलेल्या हप्त्यांची संख्या लेखी मागून घ्या.

प्रश्न : सरकारने कर घटवला आणि पेन्शन फंड बुडायला आले, हा संबंध कुठे वाचला तरी नीट उलगडत नाही. मी सीएची विद्यार्थिनी आहे, तेव्हा आकड्यांत सांगितले तरी चालेल. (कोल्हापूर)

आकड्यांतच सांगते, आणि जरा सविस्तर सांगते, कारण या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा भाग हाच आहे.

ब्रिटनमधल्या अनेक जुन्या कंपन्यांनी कामगारांना ठरावीक निवृत्तिवेतनाचे वचन दिलेले आहे. आज पंचेचाळिशीत असलेल्या माणसाला २०४५ मध्ये आणि २०६० मध्ये किती द्यायचे, हे ठरलेले. ते देणे आजच्या किमतीत मांडायचे तर लांब मुदतीच्या व्याजदराने मागे आणावे लागते. दर जितका खाली, तितके देणे मोठे. २००८ नंतर दर तळाला गेले आणि हे देणे फुगले. त्याला तोल म्हणून फंडांनी लांब मुदतीचे सरकारी रोखे, म्हणजे गिल्ट, घ्यायला सुरुवात केली. पण सगळा पैसा गिल्टमध्ये अडकवला तर शेअरमधला वाढीव परतावा हातचा जातो. मग त्यांनी थोडा पैसा घालून, उरलेला उसना घेऊन गिल्ट धरले. तारण म्हणून तेच गिल्ट ठेवले. या पद्धतीला ‘लायबिलिटी ड्रिव्हन इन्व्हेस्टमेंट’, थोडक्यात एलडीआय म्हणतात. अशा रीतीने झाकलेल्या देण्यांचा पसारा एक लाख कोटी पौंडांहून मोठा झाला होता.

आता कॅल्क्युलेटर घे. तीस वर्षांचा, साडेतीन टक्के व्याजाचा १०० पौंडांचा रोखा. बाजारातला दर साडेतीनच असेल तर किंमत १००. दर ५ टक्के झाला की तीच किंमत ७७ होते. एखाद्या फंडाने स्वतःचे २५ आणि उसने ७५ घालून तो घेतला असेल, तर आता रोखा ७७ चा, देणे ७५ चे, स्वतःचे उरले २. स्वतःच्या पैशाच्या चौपट रोखे धरण्याचा अर्थ हा. पैसे देणारा यावर गप्प बसत नाही. तो लगेच जादा तारण मागतो.

प्रत्यक्षात तसेच झाले. तीस वर्षांच्या गिल्टचा दर काही दिवसांत पावणेचारच्या आसपासवरून ५ टक्क्यांच्या वर गेला. चार दिवसांतली ती वाढ २००० सालापासूनच्या कोणत्याही वाढीच्या दुपटीहून मोठी होती. तारणासाठी रोकड हवी, म्हणून फंडांनी गिल्ट विकायला काढले. सगळेच विकणारे. भाव आणखी पडला, तारणाची मागणी आणखी वाढली, पुन्हा विक्री. मोठ्या फंडांकडे निदान रोकडीची सोय होती. छोट्या कंपन्यांच्या पेन्शन योजना एकत्रित फंडांमधून हे करत होत्या आणि त्यांचे विश्वस्त महिन्या-दोन महिन्यांनी बैठकीला बसणारे लोक. त्यांना सांगण्यात आले की पैसे उद्या हवेत. ते कुठून आणणार?

२७ सप्टेंबरच्या रात्री काही फंडांच्या व्यवस्थापकांनी बँक ऑफ इंग्लंडला कळवले की उद्या सकाळी फंड मोडीत काढावे लागतील. तसे झाले असते तर किमान ५० अब्ज पौंडांचे लांब मुदतीचे गिल्ट एकदम बाजारात आले असते, असे बँकेचे डेप्युटी गव्हर्नर जॉन कनलिफ यांनी पुढे संसदीय समितीला लिहिले. त्या बाजारात तेव्हा दिवसाची सरासरी उलाढाल होती १२ अब्जांची. आमच्या धंद्यात ‘बिडच नाही’ म्हणतात ते हेच. तुमच्याकडे जगातला सर्वात सुरक्षित कागद असतो आणि समोर घेणारा नसतो. ज्याने हे एकदा पाहिले आहे तो ते विसरत नाही.

२८ तारखेला बँकेने जाहीर केले की ती १४ ऑक्टोबरपर्यंत रोज ५ अब्जांपर्यंत लांब मुदतीचे गिल्ट विकत घेईल, म्हणजे एकूण ६५ अब्जांपर्यंत. त्याच दिवशी तीस वर्षांचा दर एक टक्क्याहून जास्त खाली आला. घ्यावे लागले ते शेवटी १९.३ अब्जांचेच, आणि बाजार निवळल्यावर बँकेने ते नफ्यात विकूनही टाकले.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. हे पेन्शन फंड दिवाळखोरीत नव्हते. दर वाढल्यामुळे त्यांचे भविष्यातले देणे उलट कमी झाले होते. त्यांना अडचण होती ती उद्या सकाळच्या रोकडीची. परीक्षेत ‘सॉल्व्हन्सी’ आणि ‘लिक्विडिटी’ यांतला फरक विचारला तर हेच उदाहरण लिही.

ट्रस आजही दोष बँक ऑफ इंग्लंडला आणि एलडीआयला देतात. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. बँकेच्याच संशोधकांनी नंतर काढले की गिल्टच्या भावातली किमान निम्मी घसरण या सक्तीच्या विक्रीमुळे होती. नियामकांनी ही उधारी इतकी वाढू द्यायला नको होती. शिवाय बँकेने मिनी-बजेटच्या आदल्याच दिवशी आपल्याकडचे गिल्ट विकण्याचा कार्यक्रमही जाहीर केला होता. पण दारूगोळा कुठे साठला आहे हे अर्थखात्याला माहीत असणे हे अर्थखात्याचेच काम आहे, आणि ते सांगू शकणारा सर्वात अनुभवी माणूस त्यांनी आधीच काढून टाकला होता.

प्रश्न : मुलीला लीड्सला एमएससीसाठी पाठवले तेव्हा पौंड पडला म्हणून सगळे म्हणत होते, फी आत्ताच भरून टाका. खरेच फायदा होता का? (सांगली)

होता, पण थोडा आणि थोडे दिवस. सप्टेंबरच्या सुरुवातीला पौंड ९२ रुपयांच्या आसपास होता, २६ तारखेला ८७ च्या जवळ आला. रुपयाही त्याच दिवसांत डॉलरपुढे नवा नीचांक गाठत होता, नाहीतर पौंड अजून स्वस्त मिळाला असता. ऑक्टोबर संपेपर्यंत पौंड पुन्हा ९५ वर. फी ज्या तारखांना भरायची आहे त्या तारखांच्या आधी थोडे थोडे पौंड घेत जावे, एवढेच मी कोणत्याही पालकाला सांगेन.

प्रश्न : २०१९ मध्ये ऐंशी जागांचे बहुमत मिळवलेला पक्ष आपल्याच पंतप्रधानांना दीड महिन्यात कसा घालवतो? आणि ऋषी सुनक दिवाळीत आले याचा आम्हाला आनंद झाला होता. तो चुकीचा होता का? (नागपूर)

बहुमत हुजूर पक्षाचे होते, ट्रस यांचे नव्हते. खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक यांना १३७ मते मिळाली होती, ट्रस यांना ११३. पक्षाच्या सामान्य सभासदांनी टपालाने आणि ऑनलाइन मते देऊन ट्रस यांना ५७ टक्क्यांनी निवडले. सुनक त्या उन्हाळ्यात सभासदांना पुन्हा पुन्हा सांगत होते की उधारीवरची करकपात महागाई आणि व्याजदर वाढवेल. सभासदांनी ऐकले नाही, मात्र खासदारांच्या ते लक्षात होते.

मग सगळे भराभर घडले. मिनी-बजेटनंतर आठवड्याच्या आत एका जनमत चाचणीत मजूर पक्ष ३३ टक्क्यांनी पुढे गेला. प्रत्येक हुजूर खासदाराने आपल्या मतदारसंघाचे गणित केले असणार. ३ ऑक्टोबरला, बर्मिंगहॅममध्ये पक्षाचे अधिवेशन चालू असतानाच, ४५ टक्क्यांचा दर परत आला. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग यांना वॉशिंग्टनहून बोलावून घेऊन काढले, जेरेमी हंट अर्थमंत्री झाले आणि १७ तारखेला त्यांनी जवळजवळ सगळीच करकपात रद्द केली. ज्या कार्यक्रमासाठी ट्रस निवडून आल्या तोच उरला नाही. २० ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा जाहीर केला. त्याआधीचा सर्वात अल्पजीवी पंतप्रधान १८२७ मधला जॉर्ज कॅनिंग, ११९ दिवसांचा, आणि तोही पदावर असताना वारला म्हणून.

यात आपल्याकडच्या वाचकाने पाहण्यासारखे म्हणजे ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. व्हिप मोडला तर पक्ष हाकलू शकतो, पण खासदारकी जात नाही. म्हणून सत्ताधारी खासदार उघडपणे ‘हे मला मान्य नाही’ म्हणू शकले आणि सरकारची चूक आठवड्यांत दुरुस्त झाली. आपल्या राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, घाऊक पक्षांतरही पूर्ण थांबले नाही, आणि अर्थसंकल्पावर आपल्याच सरकारविरुद्ध मत देण्याची सोय मात्र गेली. मला ही किंमत फार मोठी वाटते.

सुनक यांचा आनंद चुकीचा कशाला असेल? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, त्यांची निवड झाली. साहजिकच बरे वाटले. पण त्यांच्या वाट्याला आली ती वसुली. १७ नोव्हेंबरला हंट यांनी ५५ अब्ज पौंडांची करवाढ आणि खर्चकपात मांडली. ४५ टक्क्यांचा जो दर रद्द होणार होता, तो दीड लाखाऐवजी १,२५,१४० पौंडांपासूनच लागू झाला. २०२४ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचा धुव्वा उडाला आणि ट्रस स्वतःच्या मतदारसंघातही हरल्या.

प्रश्न : असे भारतात होऊ शकते का? (मडगाव)

इतक्या झटक्यात नाही. आपले केंद्र सरकार जवळजवळ सगळे कर्ज रुपयांत आणि देशातच काढते. रोखे धरतात ते बँका, आयुर्विमा, भविष्य निर्वाह निधी. बँकांना तर ठेवींच्या १८ टक्के इतके सरकारी रोखे वगैरे ठेवणे बंधनकारकच आहे. परदेशी गुंतवणूकदारांचा वाटा अजून लहान आहे. त्यामुळे एका शुक्रवारी सगळे पळाले, असे इथे घडणे कठीण.

पण याच कारणाने मला काळजी वाटते. तिथे चुकीच्या हिशेबाची शिक्षा पाच दिवसांत मिळाली. इथे ती ठेवीदाराच्या व्याजातून, महागाईतून, शाळा-रस्त्यांसाठी न उरलेल्या पैशातून हळूहळू वसूल होते आणि कुणाच्या नावावर पडत नाही. आपल्याकडे वित्तीय जबाबदारीचा कायदा २००३ पासून आहे, महालेखापाल आहेत, पण महालेखापाल खर्च झाल्यावर तपासतात. घोषणेच्या दिवशी स्वतंत्र हिशेब मांडणारी संस्था नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ती सुचवली, २०१७ मध्ये एन. के. सिंह समितीने सुचवली, पंधराव्या आयोगाने पुन्हा सुचवली. अजून झालेली नाही.

राज्यांना तर तिची जास्तच गरज आहे. जून २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६,००० कोटी रुपये सांगितला गेला. बाईच्या हातात स्वतःचे पैसे येण्याचे मोल मी जाणते, म्हणून योजनेच्या चांगल्या-वाईटात मी जात नाही. तो आकडा कुणी सरकारबाहेरच्या माणसाने तपासून, पैसा कुठून येणार हे त्याच दिवशी विधिमंडळापुढे ठेवले असते, तर पुढे पात्रतेच्या फेरतपासणीत ज्या बायकांची नावे वगळली गेली त्यांच्यावर ती वेळ आली नसती. मडगावकर वाचकांनी हाच प्रश्न आपल्या आमदारांना विचारावा. गोव्याचा अर्थसंकल्प छोटा आहे, हिशेब मागणे तिथे सोपे जाईल.

प्रश्न : सरकारी म्हणून निर्धास्त होऊन मी गिल्ट फंडात निवृत्तीच्या पैशाचा मोठा भाग ठेवला आहे. तुमचे लिखाण वाचून झोप उडाली. काढून घेऊ का? (रत्नागिरी)

घाईने काही करू नका. आपल्या गिल्ट फंडांत उधारीवर रोखे घेण्याचा तसला प्रकार नाही. सरकार पैसे बुडवणार नाही हेही खरे. मात्र किंमत वर-खाली होते, आणि मुदत जितकी लांब तितकी जास्त होते. फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ असा आकडा असतो. तो ७ असेल तर बाजारातला दर एक टक्क्याने वाढल्यावर तुमची रक्कम साधारण ७ टक्क्यांनी उतरेल, आणि दर घटला तर तेवढीच चढेल. जो पैसा तुम्हाला पुढच्या तीन वर्षांत औषधपाण्याला किंवा घरखर्चाला लागणार आहे, तो अशा फंडात नसावा. तो पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत किंवा मुदत ठेवीत हलवा. उरलेला सात-आठ वर्षे हात न लावता ठेवता येत असेल तर राहू द्या. फॅक्टशीट सापडली नाही तर फंडाचे नाव मला कळवा, पुढच्या अंकात आकडा पाहून सांगते.